कुडाळ ते शिरोडा सायकलवर, मळ्यांच्या कडेकडेने आणि अजिबात घाई न करता

कोकणात सायकलिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात तो रेवस ते रेडी सागरी मार्ग असतो, दिवसाला ८०-१०० किमी, जीव निघेपर्यंत चढ आणि संध्याकाळी स्ट्राव्हाचा (सायकलिंग मोजायचं ॲप) स्क्रीनशॉट. ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं. हे लिहितोय ते मात्र ज्यांना दिवसाला ३०-३५ किमीच चालवायचंय, मधे दोन-तीन चहा प्यायचेत, दुपारी जेवून मस्त ताणून द्यायचीय आणि तरी चार-पाच दिवसांत एक अख्खा पट्टा नीट बघायचाय अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. रस्त्याचं नाव सागरी असलं तरी सायकलवरून समुद्र फार वेळ दिसत नाही, माडाबागा आणि घरं मधे येतात, आणि बीचवर पोचलात की तसंही उतरून चालायचंच असतं. सायकल चालवायला खरी मजा येते ती समुद्राच्या एक-दोन किलोमीटर मागे, दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत भाताचे मळे असतात आणि रस्ता त्यांच्या कडेकडेने वळत जातो तिथे. त्यामुळे प्लॅन करताना आधी मळे कुठे लागतात ते बघा, बीच आपोआप येतातच. आणि यासाठी माझ्या मते सिंधुदुर्गचा दक्षिण भाग, म्हणजे कुडाळ, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा हा बेस्ट आहे, रत्नागिरीकडे खाड्या जास्त, चढ लांबलचक, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचा तिथे दम निघतो. इथे चढ नाहीत असं नाही हां. मळा, मग छोटी घाटी, वर कातळाचा सडा म्हणजे उघडं पठार, मग उतार आणि परत मळा, असं दिवसभर चालू असतं. पण एकेक चढ लहान आहे, फार तर उतरून ढकलत न्यायची, त्यात लाज कसली.

कधी जायचं यावरून लोक भांडतात. भात पिवळं झालेलं बघायचं असेल तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मधोमध. हळवं भात आधी तयार होतं, गरवं मागून, त्यामुळे एकाच गावात एक कोपरा, म्हणजे भाताचा तुकडा, कापलेला आणि शेजारचा अजून हिरवट असं दिसतं. पण तेव्हा ऊन भयंकर असतं, ऑक्टोबर हीट काय ते किनाऱ्यावर कळतं, आणि संध्याकाळी गडगडाट करून पाऊस येऊ शकतो. नोव्हेंबर ते जानेवारी हवा सगळ्यात चांगली, सकाळी धुकं वगैरे, मळ्यांत तेव्हा कुळीथ, चवळी, भुईमूग असतो आणि जिथे तळ्याचं किंवा ओहोळाचं पाणी मिळतं तिथे वायंगणी भात लावतात, ते भर जानेवारी-फेब्रुवारीत हिरवंगार दिसतं. २० डिसेंबर ते ५ जानेवारी मात्र टाळाच, तारकर्लीचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो आणि खोल्यांचे रेट विचारू नका.

जुलैत लावणीच्या वेळी जाणारेही आहेत. दिसायला तेव्हाच सगळ्यात भारी, चिखलणी चाललेली, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या बांधावर पडलेल्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या बायका ओळीने वाकलेल्या. पण रस्त्याच्या कडांना शेवाळ धरतं, सायकल कधी सरकेल सांगता येत नाही, समुद्रात उतरायचा प्रश्नच नाही, आणि जून-जुलै मासेमारी बंद, म्हणजे ताज्या सुरमईची स्वप्नं घेऊन जाऊ नका. पावसात आधी कधी सायकल चालवली नसेल तर पहिली ट्रिप तरी हिवाळ्यातच करा.

सायकल कुठली, तर असलेली. गिअर हवेत, एवढीच अट. हायब्रिड किंवा साधी एमटीबी मस्त, टायर ३५ मिमी किंवा त्याहून जाड असेल तर बरं, कारण आतले रस्ते मधेच डांबर सोडून लाल मातीचे होतात. पातळ टायरची रोडबाईक आणू नका, चालते पण सगळा वेळ खड्डे बघण्यात जातो. निघायच्या आधी ब्रेकपॅड बदलून घ्या. इथले उतार छोटे पण तीव्र आहेत आणि तळाशी हमखास वळण, वळणावर हमखास म्हैस. पाठीवर सॅक नको, कॅरिअरला बॅग बांधा, नाहीतर घामाने पाठ सोलवटते.

पंक्चरचं सामान स्वतःचंच ठेवा. दोन स्पेअर ट्यूब, लीव्हर, पॅच, छोटा पंप. गावात टू-व्हीलरचं पंक्चर काढणारे मिळतात, लोक चांगले असतात, पण तुमचा व्हॉल्व्ह जर तो बारीक प्रेस्टावाला असेल तर त्यांचा पंप त्याला बसतच नाही. छोटा पितळी अडॅप्टर मिळतो तो घेऊन ठेवा, वजन शून्य आणि वेळेला देवासारखा उपयोगी पडतो. बाकी एक चेन ऑइलची बाटली आणि जुना टीशर्टचा तुकडा. खाऱ्या हवेत चेन दोन दिवसात तांबूस पडायला लागते, रोज संध्याकाळी पुसून तेलाचे थेंब सोडायचे. आणि ओहोटीला वाळू कडक झालीय म्हणून बीचवर सायकल पळवायचा मोह सगळ्यांना होतो, फोटो छान येतो, पण खारट वाळू चेनमधे आणि बेअरिंगमधे गेली की पुढचे तीन दिवस करकर ऐकत बसा. तरी केलंच तर लगेच गोड्या पाण्याने धुवा, होमस्टेवाले बादली देतात.

सायकल तिथपर्यंत न्यायची कशी हाच खरा डोकेदुखीचा विषय. मुंबईहून तुतारी, कोकणकन्या, मांडवी या गाड्या कुडाळला थांबतात. सायकल ब्रेकव्हॅनमधे लगेज म्हणून बुक होते, त्यासाठी तिकीट, ओळखपत्र घेऊन पार्सल ऑफिसात किमान दीड तास आधी जायचं, सायकलवर नाव, फोन, कुठून कुठे हे जाड मार्करने लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल दोन ठिकाणी बांधायचं. बाटली, लाईट, सायकल कॉम्प्युटर, सगळं काढून बॅगेत टाका. कुडाळला गाडी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे ब्रेकव्हॅन पुढे आहे की मागे ते चढतानाच बघून ठेवा आणि उतरलात की तिकडे धावा. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही चाकं काढून कव्हरमधे भरून सीटखाली किंवा डब्याच्या टोकाला ठेवायची, एकटे असाल तर हे सोपं पडतं. तिसरा, रात्रीची खासगी स्लीपर बस, डिकीत आडवी टाकतात, पैसे आधी ठरवून घ्या आणि गिअरची बाजू वर राहील अशी स्वतः उभं राहून ठेवून घ्या, क्लीनरवर सोडू नका. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक आंबोली घाटाने थेट सायकलवर उतरतात, उतरायला मस्त आहे, फक्त धुक्यात मागचा-पुढचा लाईट चालू ठेवा.

पहिला दिवस कुडाळ ते मालवण, नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके, कुंभारमाठ असा रस्ता, साधारण ३० किमी. गूगल मॅप तुम्हाला हायवेवरून कसालला नेऊन तिथून आत वळवायचा प्रयत्न करेल, ऐकू नका, चौपदरी हायवेवर सायकल चालवण्यात काही अर्थ नाही. नेरूरच्या पुढे मळे सुरू होतात आणि नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी लागते, इथे थांबा, दोन्ही बाजूला माड पाण्यावर वाकलेले, खाली होडी असली तर असली. मग काळसे आणि धामापूरचा तलाव. हा तलाव १५३० सालचा आहे, विजयनगरच्या काळात बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, आणि २०२० मधे त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता मिळाली. पाणी बघून उडी मारावीशी वाटते, मारू नका, काठावर सावलीत बसा, डबा खा. याच्या पाण्यावर खालचे मळे पिकतात हे रस्त्यावरून उतरताना लगेच दिसतं, वर तळं, खाली पायऱ्या-पायऱ्यांनी भाताचे कोपरे. चौके सोडल्यावर थोडे चढउतार आणि मग मालवण.

मालवणला एक अख्खा दिवस द्या. सकाळी उन्हाच्या आत तारकर्ली ते देवबाग जाऊन या, रस्ता सपाट, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मधे चिंचोळी पट्टी, तिच्यावर घरं आणि माड. टोकाला संगम. परत येऊन जेवा, झोपा, मग सिंधुदुर्ग किल्ला. किल्ल्याला होडीनेच जायचं, सायकल खाली लॉक करून. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, टोपल्यांभोवती घोळका, भाव इतक्या पटापट बोलतात की आपल्याला काही कळत नाही, नुसतं ऐकायलाही मजा येते. बाजारातून खाजा आणि खटखटे लाडू घेऊन ठेवा, गुळाचे असतात, चढावर एनर्जी बार वगैरेपेक्षा शंभरपट चांगले आणि उन्हात वितळत नाहीत.

तिसरा दिवस परुळ्याचा. दोन पर्याय आहेत. देवबागहून खाडीपलीकडे भोगवे दिसतं, होडीवाले टुरिस्ट फिरवतच असतात, दोन-तीन सायकली असतील तर विचारून बघा, पैसे आणि लाईफ जॅकेट दोन्ही आधी ठरवून, भरती-ओहोटी त्यांनाच विचारून. नाही जमलं तर परत चौके, काळसे, नेरूरपार करत वालावल, चेंदवण, पाट, म्हापण, परुळे. हे ४०-४५ किमी होतं, म्हणजे ट्रिपमधला सगळ्यात मोठा दिवस, पण खरं सांगायचं तर मी हाच रस्ता घ्या म्हणेन, कारण सगळ्यात सुंदर मळे इथे आहेत. वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारी तळं, लाकडी कोरीव खांबांचा थंडगार सभामंडप, चपला काढून पाय टेकले की दुपारपर्यंत उठावंसं वाटत नाही. पाटलाही मोठा तलाव आहे, हिवाळ्यात पक्षी असतात, दुर्बीण असेल तर आणा.

कापणीच्या दिवसात या रस्त्यावर हळू चालवा, म्हणजे मुद्दाम. विळ्याने कापलेलं भात आधी तिथेच खुंटांवर आडवं टाकून एक-दोन दिवस वाळवतात, मग पेंढ्या, मग भारे बांधून डोक्यावरून घरी. भारा घेतलेला माणूस अरुंद रस्त्यावर समोरून आला तर त्याला बाजूचं काही दिसत नसतं, तुम्ही पूर्ण थांबायचं आणि रस्ता द्यायचा. काही ठिकाणी अजून लाकडी बाकावर किंवा दगडावर झोडतात, दाणे ताडताड उडतात, पेंढा बाजूला रचत जातात, आणि बऱ्याच ठिकाणी आता छोटं मशीन आणून दोन तासात काम उरकतात. अंगणात मोठ्या हंड्यात भात उकडत ठेवलेलं असेल तर वास रस्त्यापर्यंत येतो, थोडा मातकट, थोडा गोडसर, तो उकडा तांदूळ. नंतर तो चटईवर पसरून वाळवतात आणि एक पोरगं किंवा आजी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलेली असते. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसलं तर त्यावरून चाक न्यायचं नाही, बाजूला जागा नसली तर उतरून उचलून पुढे जायचं.

बांधावर सायकल घालू नका, अगदी फोटोसाठीसुद्धा. बांध मातीचा असतो, पावसात लिंपलेला, एका चाकाने कड ढासळली की पाणी शेजारच्या कोपऱ्यात जातं आणि भावकीत नवीन भांडण सुरू. चालायला बांध चालतो, तोही विचारून. विचारलंत की नाही कोणी म्हणत नाही, उलट थांबवून चौकशी होते. साधारण संवाद ठरलेला असतो, "सायकल घेवन खंय चललास?", तुम्ही म्हणणार वेंगुर्ल्याला, की लगेच, "मगे, एसटी नाय गावली?" त्यावर हसायचं आणि पाणी मागायचं. काकी, आजी, दादा म्हणून बोला, मालवणी येत नसेल तर ओढूनताणून बोलायला जाऊ नका, साधी मराठी सगळ्यांना समजते. अंतर विचारताना मात्र सांभाळून, "हयसरच आसा" (इथेच आहे) म्हणजे एक वळण पण असू शकतं आणि मधे एक अख्खी घाटीही.

परुळे, भोगवे, निवती या भागात घरगुती राहायची सोय मिळते. निवास-न्याहारीवाल्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि तीन गोष्टी सांगा, माणसं किती, मासे खाणारे किती, आणि सायकली रात्री पडवीत ठेवायच्या आहेत. जेवणाचा आकडा सकाळी लवकर सांगितला तर ताजं मिळतं, रात्री आठला पोचून सुरमई मागितली तर फ्रीजमधली येणार, दोष त्यांचा नाही. शाकाहारी असाल तरी मजा आहे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या, कुळथाची पिठी आणि भात, सोलकढी. सायकलवाल्यांनी खास मागून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे उकड्या तांदळाची पेज, सकाळी दहाच्या सुमारास, मीठ घातलेली, सोबत लोणचं किंवा भाजलेलं सुकट. घामाने गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही एका वाटीत भरून निघतं. तरी ओआरएसची चार-पाच पाकिटं जवळ असू द्या.

चौथा दिवस सोपा, परुळे, म्हापण, केळूस, दाभोली, वेंगुर्ला, २५-३० किमी, अधेमधे चढ आहेतच पण माडाची सावली भरपूर. वाटेत निवतीचा किल्ला आणि बीच करायचं असेल तर सकाळीच करा. वेंगुर्ल्यात बाजार, बंदर आणि दीपगृह, सूर्यास्त तिथून बघा. काजू घ्यायचे असतील तर इथे घ्या, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती कोकणभर लावलेल्या आहेत. फक्त शेवटच्या दिवशीच्या वजनाचा विचार करून घ्या, किलो-किलो करत बॅग कधी जड होते कळत नाही.

पाचवा दिवस वेंगुर्ला ते शिरोडा, जेमतेम २० किमी, मधे मोचेमाडची घाटी. चढ तीव्र आहे, गिअर आधीच खाली टाका, मधोमध टाकलात तर चेन उतरते. वरून खाली खाडी, वाळूचा दांडा आणि आत मळे असं एकत्र दिसतं. मग टांक, आरवली. आरवलीला वेतोबाचं देऊळ, देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, गावाची राखण करत रात्री फिरून त्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० मधे इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. वेळागरचा बीच लांब आणि सरूंच्या सावलीचा, दुपार तिथे काढायची.

वेळेचं गणित सगळ्या दिवशी एकच ठेवा. साडेसहाला चाकं हलली पाहिजेत, अकराच्या आत दिवसाचा बराचसा भाग संपला पाहिजे, अकरा ते चार सायकल बंद, उरलेलं चार ते सहा. अंधारात चालवायचं टाळा, रस्त्यावर दिवे नसतात आणि रात्री गुरं डांबराच्या उबेला बसतात, काळी म्हैस दिव्याच्या उजेडातही उशिरा दिसते. संध्याकाळनंतर दगडी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, टेकायचं नाही आणि गवतात चप्पल घालून शिरायचं नाही, फुरसं हा विषारी साप इकडे कॉमन आहे. एसटी समोरून आली तर हुज्जत नको, कडेला थांबा, रस्ता तिचाच आहे. कॅश ठेवा, चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो पण टेकड्यांच्या मधे नेटवर्क असेलच असं नाही, त्यामुळे मॅपही आधी डाऊनलोड करून घ्या. आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर गेलात तर रस्त्यात कुठे जत्रा आहे का ते विचारत राहा, रात्री देवळापुढे दशावतार असतो, पहाटेपर्यंत चालतो. तो बघितला की दुसऱ्या दिवशीचं साडेसहाचं गणित कोलमडणार, कोलमडू द्या.

परतीला शिरोड्याहून आजगाव, मळेवाड करत सावंतवाडी रोड स्टेशन गाठायचं, वीस-पंचवीस किमी. तुतारी तिथूनच सुटते, त्यामुळे गाडी उभी असते आणि सायकल चढवायला कुडाळसारखी धावपळ होत नाही, फक्त बुकिंगची सोय आणि वेळ आधी स्टेशनवर फोन करून किंवा जाताना कुडाळला उतरलात तेव्हाच विचारून ठेवा. स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, आसपास खायला फार काही मिळत नाही, डबा शिरोड्यालाच भरून घ्या. हातात अजून एक दिवस असेल तर शिरोड्याहून रेडीला द्विभुज गणपती बघून तेरेखोल किल्ल्यापर्यंत जा, खाली गोव्याची फेरी आहे, सायकलसकट पलीकडे केरीला उतरवते. गोव्यातल्या मंडळींनी हीच ट्रिप केरीपासून उलटी करावी, त्यांना ट्रेनची भानगडच नाही, फक्त मोचेमाडचा चढ मग दुसऱ्या बाजूने लागतो.